भरलेली बाटली

ते गृहस्थ मला एकदाच भेटले, नारायण पेठेतल्या जनावरांच्या दवाखान्यात. भाजीच्या पिशवीतून डोकं काढून बसलेल्या मांजराचे डोळे ते पुसत होते, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घेऊन. "जंतूंचा आजार आहे. एकाचं दुसऱ्याला नको," म्हणाले.

माझ्या मनीचा डोळा वर्षभर सुजत होता. डॉक्टर आता तो काढायचं म्हणत होते. "औषधाचा उपयोगच होत नाही हो," मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातातली औषधाची बाटली घेऊन उजेडात धरली.

"ही तर भरलेली आहे. आपण थेंब मांजराला घालत होता की कपाटाला?"

मी त्यांच्याजवळ कबूल केलं. हडपसरच्या आयटी कंपनीतल्या धावपळीत, डोळा जरा निवळला की मी औषध बंद करायचो आणि डॉक्टरांना "पूर्ण दिलं" म्हणून सांगायचो.

"आत जाऊन खरं सांगा. डॉक्टर रागावतील, पण तुमच्यावर. मांजरावर नाही."

मी सांगितलं. डॉक्टर भरपूर रागावले, पण डोळा काढणं त्यांनी थांबवलं. पुढे महिनाभर मी एकही वेळ चुकवली नाही आणि डोळा वाचला.

घरात अजून सगळे मलाच मनीचा तारणहार समजतात. मनी मात्र मला पाहिलं की पलंगाखाली जाते.