माझ्या पायगुणाचं शेंडेनक्षत्र

पायगुण हा शब्द माझ्या घरात कुणी काढायचा नाही. सुना आल्या, परवा नातसूनही आली. दरवेळी मी बघायला आलेल्या बायकांना उंबऱ्यावरच बजावलं, "चहा घ्या, खुशाल बसा, साडीचा पोत बघा, पण पोरीच्या पायाकडं बघू नका." बायका हसतात. म्हातारीला भलत्याच गोष्टीचा राग, म्हणतात. असू दे. राग आहेच मला, आणि तो माझ्या लग्नाइतकाच जुना आहे.

माझं माहेर देवगाव फाट्यापासून आत, सासर पेडगावाकडचं. आणीबाणीचे दिवस होते. माघात लग्न झालं. नवरा येलदरीला वीजघरात नोकरीला. रजा संपली तसा तो गेला, रविवारी येतो म्हणाला. घरात राहिलो आम्ही तिघं. सासूला मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. मामा फार बोलत नसत. आत्याबाई कामापुरतं बोलायच्या, आणि ते ऐकूनही माझी गाळण उडायची. एका भिंतीपलीकडं चुलत सासू राहायची, मामांच्या थोरल्या भावाची बायको; तिला आम्ही काकी म्हणायचो. बोलायचं काम भावकीनं तिच्याकडंच सोपवलेलं होतं.

नव्या सुनेनं सगळ्यांच्या आधी उठायचं, अंगण झाडून सडा टाकायचा. एक दिवस अशीच शेणकाल्याची बादली घेऊन बाहेर आले, तर उगवतीकडं, बाभळीच्या वर, काहीतरी उठलेलं. अंगण सारवताना शेवटी हात उचलला की पंख्यासारखा फराटा मागं राहतो ना, अगदी तसा पांढरा फराटा आभाळावर होता. बुडाशी एक तेजदार ठिपका. मी बादली हातात धरून उभीच राहिले. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. इतकं गोड दिसत होतं ते, की माहेर सुटल्यापासून पहिल्यांदा मला कुणाला तरी हाक मारून काही दाखवावंसं वाटलं.

हाक मारली ती आत्याबाईंना. दुसरं होतं कोण?

त्या केस बांधत बाहेर आल्या. मी बोटानं दाखवलं. त्यांनी फाडकन माझा हात खाली केला. "बोट दाखवू नये बाई! चाव आधी, चाव."

मी आपलं बोट चावलं. हे मला नवं नव्हतं. माहेरीही तारा तुटला की आई आमचं तोंड दाबायची. कुणाचा तरी जीव गेला म्हणायची, आणि पाहिलेलं कुणाला सांगू द्यायची नाही. पण हा तुटलेला तारा नव्हता. हा आपला जागच्या जागी उभा होता. आत्याबाई त्याच्याकडं बघत राहिल्या, मग माझं मनगट धरून हळूच म्हणाल्या, "काय हाय गं माय ते?"

"शेंडेनक्षत्र असंल, धूमकेतू. आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं."

त्यांचा हात गार पडला होता. "तू बघितलं न्हाईस अन् मी बी बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "जा, सडा टाक."

आता आभाळात लटकलेली गोष्ट कुठं लपते का? दोन-तीन दिवसांत सगळा गाव पहाटे उठून माना वर करायला लागला. कुणी म्हणालं लढाई होणार, कुणी म्हणालं पटकी येणार. एका म्हाताऱ्यानं आठवण काढली की मोठ्या दुष्काळाच्या आधीही असंच एक दिसलं होतं, आणि मग कुणाच्या तोंडाला चव राहिली नाही. आडावर पाणी शेंदायला गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. माझ्या घागरीकडं कुणी बघेना, सगळ्या माझ्या पायांकडं बघायला लागल्या. पायात नवी जोडवी होती. मला वाटलं, बायका जोडवी बघतायत. इतकी मी येडी.

सून घरात आली आणि आठवड्याच्या आत शेंडेनक्षत्र उगवलं, हे चुलत सासूनं आधीच सगळ्यांना मोजून दाखवलं होतं. तरीही एखादेवेळी ते तेवढ्यावर राहिलं असतं. पण त्याच आठवड्यात मामा कडब्याची गंज रचताना वरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून पाय आवळून बांधला आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. ओसरीवर त्यांची बाज टाकली. मामा ओठ दाबून पडून असायचे, आणि मी पाणी घेऊन गेले की नजर आढ्याकडं न्यायचे.

चुलत सासू तडक जोशीबुवांकडं गेली. बुवांनी पंचांग चाळलं, शेपूट कुठल्या दिशेला हाय, रंग कसला हाय, सगळं विचारलं. मग सांगितलं, "शेंडेनक्षत्र राजावर असतंय. रयतेला त्याची बाधा न्हाई. दिल्लीत ज्याला फिकीर करायची त्यो करील." आजूबाजूच्यांनी त्यांना तिथंच गप्प केलं. त्या दिवसांत असलं बोलायची सोय नव्हती. पुढं वर्षभरानं दिल्लीतलं राज्य खरंच बदललं, तेव्हा बुवा जन्मभर ते सांगत फिरले. पण माझ्या कपाळी त्यांचं भाकीत वेगळंच आलं. चुलत सासू ओसरीवर येऊन म्हणाली, "राजावर असतंय म्हणे. मग ह्या घरचा राजा कोण? पडलाच की गंजीवरून!"

मी चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ फुंकत राहिले आणि धुराच्या नावाखाली रडून घेतलं.

रविवारी नवरा आला. बापाचा पाय बघून त्याचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "तू नाहक मनाला लावून घेऊ नको. शेंडेनक्षत्र म्हंजे बरफ अन् धूळ असतीय. सूर्याजवळ आलं की वितळतंय अन् शेपूट फुटतंय. आमच्या साहेबांनी समजावून सांगितलं."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "मग हे ओसरीवर जाऊन सांगा की. काकी बसल्यात तिथं."

तो चपला शोधायला लागला. "मोठ्या माणसांत मी काय बोलू?" म्हणाला. सोमवारी पहिल्या मोटारीनं येलदरीला गेला. बरफ अन् धूळ स्वयंपाकघरातच राहिली. असा राग आला होता मला त्याचा, की भाकरी थापताना परात फुटायची राहिली.

आणि मग चुलत सासूनं आपला डाव टाकला. फाट्याकडं जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती माझ्या वडिलांना परस्पर निरोप पाठवला: शेंडेनक्षत्र मावळेपर्यंत पोरीला घेऊन जा. बोलायला किती सोपं! पण लग्नानंतर महिन्याच्या आत माहेरी धाडलेली पोर म्हणजे काय, हे कुणाला कळत नाही? नक्षत्र मावळलं असं कोण ठरवणार? आणि मावळल्यावर मला आणायला कोण येणार? माझ्या पाठीला धाकटी बहीण होती. तिला तर कुणी बघायलाही आलं नसतं.

वडील दुपारी आले. मी त्यांना दादा म्हणायची. ओसरीच्या कडेला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. लग्नात ज्या जागेवर त्यांना व्याही म्हणून मानानं बसवलं होतं, तिथून हातभर खालीच. मी दाराआडून बघितलं. चुलत सासू बाजेशेजारी बसली होती, भावकीतल्या आणखी दोन बायका होत्या.

"इवाई, तुमच्या पोरीला कुणी वंगाळ म्हणायलंय असं न्हाई," चुलत सासू म्हणाली. "पण पायगुण दिसायलाय. थोडे रोज ऱ्हाऊ द्या तिकडं."

दादांनी मान डोलवली. काय करतील बिचारे! "तुमी म्हणाल तसं. पोरीला म्हणावं, कापडं घे."

मी आत जाऊन पिशवी काढली. साडीची घडी बसेना. तेवढ्यात आत्याबाई माझ्या बाजूनं बाहेर गेल्या. मला वाटलं, निरोपाचं कुंकू आणायला चालल्यात.

"कशाला न्यायचं पोरीला?" त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ओसरीवर ऐकला. "त्ये शेंडेनक्षत्र मी लग्नाच्या आधी बघितलंय. पापडाचं पीठ दळायला उठायची तवा रोज दिसायचं. लगीनघरात कशाला बोलायचं म्हणून गप बसले. ही तवा आपल्या बापाच्या घरी होती. मग पायगुण कुणाचा? माझा म्हणा की!"

मी पिशवी तशीच धरून उभी राहिले. साफ खोटं! माझं मनगट धरून, काय हाय गं माय ते, असं विचारणारी बाई ही!

चुलत सासू काही कमी नव्हती. "एकटीलाच कसं दिसलं तुला? गावात दुसऱ्या कुणी कसं बघितलं न्हाई?"

आत्याबाई बाजेकडं वळल्या. "तुमी आता तरी बोला," त्या मामांना म्हणाल्या. "तवा बोलले न्हाईत. आता तरी."

मामांनी आढ्यावरची नजर खाली आणली. बराच वेळ बायकोकडं बघत राहिले. मग कोपरावर रेटा देऊन उठायला गेले, पायातून कळ आली असणार, तसेच अर्धे उठून म्हणाले, "व्हय. मी बी बघितलं. दोघं बी होतो. लग्नाच्या आधीच आलतं."

आणि जरा दम घेऊन, माझ्या वडिलांना म्हणाले, "सूनमुख बघायला आलंय म्हणावं त्ये शेंडेनक्षत्र. लांबून आलंय बिचारं, म्हणून आधी निघालं. इवाई, वर सरकून बसा. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

दादा हसले, आणि हसता हसता टोपीनंच डोळे पुसले. चुलत सासू उठून गेली. दीर खोटं बोलतोय असं भरल्या ओसरीत म्हणणार कशी? मी ती साडी तशीच पेटीत कोंबली आणि पिठाचा डबा काढला. त्या दिवशी दादा चार भाकरी जेवले. एरवी दोन खायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सडा टाकायला आले तर आत्याबाई आधीच अंगणात होत्या. फराटा बराच फिका झाला होता, वर चढला होता. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. मला पाया पडायचं होतं, पण हातात शेणाची बादली. तशीच म्हणाले, "आत्याबाई, माझ्यापायी तुमी खोटं बोललात."

त्या वरच बघत होत्या. "मी ह्या घरात आले ती रझाकाराच्या सालात," त्या म्हणाल्या. "मांडव काढला न्हाई तोवर गाव लुटलं. घरातलं धान्य गेलं, बैल गेले. सगळे म्हणले, सुनेचा पायगुण. तवा आभाळात काईच नव्हतं बघ, तरी म्हणले. मला माहेरी धाडलं. साल उलटलं तरी आणायला कुणी आलं न्हाई. ह्यो माणूस तवा इथंच, ह्याच ओसरीवर बसला होता. बोलला न्हाई."

"मग?"

"मग काय, आणलं एकदाचं. लेकरं झाली, संसार झाला. ह्यो माणूस वाईट न्हाई गं. पण त्या एका शबुदाची मी वाट बघायले ते बघायलेच. काल बोलला." त्यांनी पदर तोंडाला लावला. मी बादली खाली ठेवली आणि शेणाच्या हातानंच त्यांना धरलं. त्यांनीही धरू दिलं. माझ्या आईनंतर मला असं जवळ घेणारी तीच एक बाई.

मग त्या नाक पुसून एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या माणसाला तोंड उघडायला जलम गेला. तुझ्याला एवढा येळ लावू देऊ नको. समजलं?"

समजलं. रविवारी नवरा मोटारीतून उतरून घरी आला, पाय धुवायला पाणी मागितलं. मी तांब्या हातात धरला आणि दारात उभी राहिले. "ते बरफ अन् धुळीचं काय म्हणत होता, ते आधी ओसरीवर जाऊन सांगा. काकी आल्यात मामांना बघायला. मग पाणी."

त्यानं माझ्याकडं बघितलं, आत आईकडं बघितलं. आईनं त्याच्याकडं पाठ केली आणि तांदूळ निवडायला घेतले. गेला बिचारा. चपलाही काढल्या नाहीत. आम्ही दोघी दाराआड उभ्या. तो दोनदा खाकरला, मग म्हणाला, "काकी, त्ये शेंडेनक्षत्र म्हंजे नुसतं बरफ असतंय. अन् धूळ. त्याचा माझ्या बायकोशी काई संबंध न्हाई. पुन्हा तिला कुणी काई बोलायचं न्हाई."

बर्फाचं कुणाला काही कळलं नाही. चुलत सासू म्हणाली, आभाळात कुठलं आलंय बरफ. पण बाजेवरून मामा म्हणाले, "पोरगा सांगायलाय ते ऐका."

माझ्या शेजारी आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. या वेळी त्यांचे हात गार नव्हते.

"बोलला गं," त्या म्हणाल्या. "तुझा लवकर बोलला."