पूल समोर होता

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, सख्ख्या भावाला नाही, देवासमोर डोळे मिटून बसलो तेव्हा मनातल्या मनातही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — बहुधा म्हणूनच.

मी बहरीनमध्ये एका कारखान्यात देखभालीचं नियोजन करतो. कुठलं यंत्र कधी बंद ठेवायचं, कुठला सुटा भाग आधी मागवून ठेवायचा, कुणाची रजा कुणाच्या आड येणार नाही, हे बघणं माझं काम. घरीही तेच. बायको म्हणते, हा माणूस स्वप्नंसुद्धा क्रमवारीने बघत असेल. माझ्या या शिस्तीचा अनेकांना उपयोग झाला आहे. म्हणजे — मला तसं वाटत आलं होतं.

मुकुंद आमच्याच इमारतीत राहायचा, उम्म अल हस्समला, दोन मजले खाली. हिशेबनीस. जाडसर, गप्पिष्ट, शिस्तीचा शत्रू. मला ‘कारभारी’ म्हणायचा. पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरांनी दोघांनाही वजनावरून झापलं, म्हणून सायकली घेतल्या. दर शुक्रवारी उन्हं चढायच्या आत हमद टाउनपर्यंत जायचं, तिथल्या गोलचक्करांना फेऱ्या मारून कडक चहा प्यायचा आणि परत. चढ दिसला की मुकुंद मागून ओरडायचा, “यल्ला, कारभारी, पुढे व्हा, मी हिशेब बघत येतो.” बहरीनमध्ये चढ म्हणजे काय, तर उड्डाणपूल.

नर्मदा परिक्रमेची कल्पना माझी. त्याची नव्हे. हे आधी लिहून टाकतो, कारण आता सगळे उलटं समजतात.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — नदीला उजव्या हाताला ठेवून तिच्याभोवती पूर्ण फेरी घालायची. एका काठाने समुद्रापर्यंत, तिथून नावेने पलीकडे, मग दुसऱ्या काठाने उगमापर्यंत आणि परत. निघताना संकल्प करायचा, नदीचं पाणी एका कुपीत भरून सोबत ठेवायचं. मधे कुठेही नदी ओलांडायची नाही. ओलांडली की परिक्रमा मोडली. लोक हे पायी करतात, आम्ही सायकलवरून करणार होतो. मुकुंद म्हणाला होता, “इथे पुलाशिवाय कुठे जाता येत नाही आणि तिथे पूल दिसला की तोंड फिरवायचं. बरं आहे.”

दोघांची साठवलेली सगळी रजा त्यात घातली. मुक्काम, पंक्चरचं सामान, औषधांची पिशवी, सगळं मी बसवलं. ऑफिसात सांगितलं होतं, बहरीनच्या मराठी मंडळात सांगितलं होतं. परत आल्यावर मंडळात माझं बोलणं ठेवायचं, हेही ठरलं होतं. मुकुंदचं नव्हे — माझं. हे सांगायला लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

समुद्र पार झाला, उत्तरेचा काठ सुरू झाला. आश्रमात शिरलं की विचारायचे, “कितनी मूर्ति?” परिक्रमेतल्या माणसाला तिकडे मूर्ती म्हणतात. मुकुंदला ते फार आवडलं. पोट थोपटून म्हणायचा, “एक मूर्ती आणि एक कारभारी.” हॉलच्या फरशीवर झोपणं, वाढतील ते खाणं, रोज दिवसभर सायकल हाणणं — मला वाटलं होतं तो चार दिवसांत कुरकुरेल. कुरकुरत होतो मी. तो वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत बसायचा आणि आमचा मुक्काम चुकायचा. मी त्याच्यावर चिडलेला होतो. त्या सकाळीही चिडलेलाच होतो.

त्या सकाळी तो मागे पडायला लागला. नेहमीसारखा नाही. थांबायचा, हँडलवर वाकायचा. जबडा दुखतोय म्हणाला. मी पिशवीतून पित्ताची गोळी काढून दिली. मला ठाऊक नव्हतं का? आमच्या कारखान्यात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मीच लावतो — डावा हात, जबडा, थंड घाम, हे फळ्यावर लिहिलेलं मी कितीदा वाचलं आहे. तरी पित्ताची गोळी दिली. कारण पित्त असेल तर दुपारचा टप्पा गाठता येणार होता.

चहाच्या एका टपरीपुढे तो उतरला आणि बाकावर आडवा झाला. अंग गार. शर्ट भिजलेला. टपरीवाल्याने एका नजरेत ओळखलं आणि शेजारच्या पिकअपवाल्याला हाक मारली. पुढे रस्त्याला वळण होतं, वळणापलीकडे पूल. बाकावरून दिसत होता. पुलाच्या त्या टोकाला मोठं शहर, मोठं इस्पितळ. टपरीवाला हाताने दाखवत म्हणाला, “बाबाजी, पुल पार करो, दस मिनट.”

आमच्या काठाला पुढे एक तालुक्याचं गाव होतं. तिथे लहान इस्पितळ आहे, हे मला माहीत होतं, कारण मुक्कामाच्या आजूबाजूची इस्पितळं मी निघण्यापूर्वीच बघून ठेवली होती. तासाभराहून जास्त वाट. खराब.

मी टपरीवाल्याला म्हणालो, “हम परिक्रमा में हैं. पार नहीं करेंगे.”

त्याने हात जोडले. वाद घातला नाही. तिकडे परिक्रमेतल्या माणसाशी कुणी वाद घालत नाही.

मुकुंद शुद्धीवर होता. त्याने माझी बाही धरली. मराठीत म्हणाला, “जयंता, परिक्रमा खलास. पुलावरून चल.”

अगदी स्पष्ट म्हणाला. कारभारी म्हणाला नाही, जयंता म्हणाला. तिथे मराठी समजणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता.

मी काय केलं? त्याला पिकअपमध्ये चढवलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला सरळ जायला सांगितलं. वळणावर पूल उजवीकडे राहिला. मुकुंदने तो जाताना पाहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं कसं होतं, हे मला लिहिता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, त्याला ड्रायव्हरबरोबर एकट्याला पलीकडे पाठवायचं होतं. माझी परिक्रमाही राहिली असती. हा विचार मला सुचला होता. तेव्हाच, त्या टपरीपुढे. पण मग लोक काय म्हणाले असते? मित्राला मरायला सोडून हा पुढे गेला. म्हणजे मला परिक्रमाही हवी होती आणि नावही हवं होतं. दोन्ही मिळतील असा एकच रस्ता होता, तो आमच्या काठाने जात होता. असं सगळं मी त्या काही क्षणांत जुळवलं. नियोजन हे माझं कामच आहे, सांगितलं ना.

तो पलीकडे नेल्यावर वाचला असता का? माहीत नाही. डॉक्टरही खात्रीने सांगणार नाहीत. पण ‘माहीत नाही’ या शब्दांना धरून मी कित्येक दिवस काढले आहेत, म्हणून ते इथे वापरणार नाही.

तालुक्याच्या इस्पितळात पोचलो तेव्हा तो गेलेला होता. तरुण डॉक्टरने विचारलं, “उस पार क्यों नहीं ले गए?” आणि मी — एकही श्वास न अडखळता — म्हणालो, “उन्होंने मना किया. परिक्रमा में थे.”

असं ते खोटं जन्मलं. डॉक्टरने मान खाली घातली. पिकअपवाल्याने मृताच्या पायांना हात लावला.

दुसऱ्या दिवशी शैलावहिनी आणि केतकी आल्या. वहिनी म्हणजे मुकुंदची बायको, केतकी मुलगी. ती मनामात, बाब अल बहरीनजवळच्या एका बँकेत नोकरीला. वहिनींनी मला एकच विचारलं, “भावजी, काय झालं नक्की?” मी तेच सांगितलं. आता त्यात तपशील होते. आपण त्याचे हात धरले, तो ऐकेना, ‘नर्मदामाई बघून घेईल’ म्हणाला, वगैरे. वहिनी रडता रडता ताठ झाल्या. मी ते पाहिलं. त्यांना धरायला काहीतरी मिळालं होतं.

केतकीला बाबांना पुण्याला न्यायचं होतं, आजीजवळ. वहिनी म्हणाल्या, ज्याने जिवंतपणी ही नदी सोडली नाही त्याला मी आता हिच्यापासून नेणार नाही. तिथेच, त्याच काठावर, त्याला अग्नी दिला. माझ्या शब्दावरून. पुलावरून जायला तयार असलेल्या माणसाला.

आणि मग वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुम्ही पूर्ण करा. त्यांच्या नावाने.”

मी पूर्ण केली. होय. दोन्ही कुप्या घेऊन. आश्रमात विचारायचे कितनी मूर्ति, मी म्हणायचो एक.

बहरीनला मंडळात कार्यक्रम झाला. मुकुंदच्या फोटोला हार, खाली लिहिलेलं — संकल्प मोडला नाही. मी बोललो. चांगलं बोललो, लोकांनी डोळे पुसले. अजूनही कुणी नवीन माणूस भेटला की वहिनी मुकुंदची गोष्ट सांगतात आणि मग माझ्याकडे बघतात, म्हणजे मी दुजोरा द्यावा. मी देतो.

केतकी त्या कार्यक्रमाला आली नव्हती. घरातला तो हार घातलेला फोटोही तिने आपल्या खोलीत लावू दिला नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी ती ऑफिसला गेली. वहिनी मला म्हणाल्या, “तुम्ही तरी समजवा हो तिला. बापाच्या श्रद्धेवर चिडते.” मी म्हटलं, लहान आहे, समजेल. ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती.

मागच्या महिन्यात ती कॅनडाला गेली, कायमची. जायच्या आधी तिने मला खाली पार्किंगमध्ये बोलावलं. मुकुंदची सायकल घेऊन उभी होती.

“ही तुम्ही ठेवा, काका. आईला बघवत नाही आणि मला नकोय.”

मी सायकल हातात घेतली. टायर बसले होते. हवा भरायला हवी, असं काहीतरी म्हणालो.

ती म्हणाली, “काका, एक विचारू? बाबा चोज अ रिव्हर. ठीक आहे. आय हॅव मेड पीस विथ दॅट, ऑलमोस्ट. फक्त एक सांगा — शेवटी बाबांनी माझं नाव काढलं का? एकदा तरी?”

तिथे दुसरं कुणी नव्हतं. वहिनी वर होत्या. मंडळ नव्हतं, हार नव्हता. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. पण ‘हो’ म्हटलं असतं तर ती विचारणार होती, काय म्हणाले. आणि मग विचारणार होती, मग तुम्ही फोन का लावला नाही.

मी म्हणालो, “नाही गं. गाडीत बसवल्यावर बोलायच्या स्थितीत नव्हता तो.”

तिने मान हलवली. थँक यू म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

पिकअपमध्ये, पूल मागे पडल्यावर, मुकुंद बोलला होता. माझ्या मांडीवर डोकं होतं, फोन माझ्या खिशात होता. तो म्हणाला, “केतकीला लाव. तिच्याशी बोलू दे.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “लाव ना रे.” फोन लावला असता तर त्याने तिला सांगितलं असतं की आपण कुठून चाललो आहोत. मी त्याला म्हणालो, पोचलो की लावू.