काकीच्या विहिरीवरची रांग

आमच्या गल्लीत विहीर एकच, आणि ती काकीच्या अंगणात. काकी म्हणजे माझी सख्खी काकी नव्हे, अख्ख्या गल्लीची काकी. मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून तिला बघतेय. माझ्या शिलाई मशीनसमोर खिडकी आणि खिडकीसमोर तिचं अंगण, त्यामुळे तिच्याबद्दल मला जे ठाऊक नाही ते बहुतेक तिलाही ठाऊक नसेल. चोंबडी म्हणा मला, खुशाल म्हणा. डोळे सुईवर आणि कान विहिरीवर, असंच माझं आयुष्य गेलं.

सकाळ-संध्याकाळ तिथं हंडे-कळश्यांची रांग लागायची. काकी कठड्याला टेकून बसायची आणि हुकूम सोडायची, "ए, रांग मोडायची नाही! राजा आला तरी मागे उभा राहील." कोणाची सासू रुसली, कोणाचा पोरगा नापास झाला, सगळं त्या रांगेत कळायचं. कप्पी करकरायची, बाया खिदळायच्या. नवरा जाऊन वर्षं झाली होती, मुलगा लांबच्या शहरात बायकापोरांसह राहत होता, पण काकी एकटी आहे असं कोणाच्या डोक्यातही यायचं नाही. तिच्या मात्र यायचं. रांग पांगली की ती फडकं घेऊन कठडा पुसायची आणि पुसलेलाच पुन्हा पुसत बसायची.

मुलगा सुट्टीला यायचा नाही, त्याला कारण होतं. घरात संडास नव्हता. गल्लीच्या टोकाला सामायिक संडास, त्याच्या दाराला कडी नाही, बाहेर बादली घेऊन ताटकळायचं. सून एकदाच आली आणि तोंड एवढंसं करून परत गेली. मी तिला बोल लावत नाही. मलाही ते कुठं आवडायचं? पण मला दुसरं घर नव्हतं.

शेवटी काकीनं मनावर घेतलं आणि गवंडी बोलावला. गवंडी म्हणाला, खड्डा घराच्या मागे उतारावर घेऊ. काकी उसळलीच. "छे छे! सून तिथवर बादली वाहून नेईल? विहिरीशेजारी घे. पाणी काढलं की समोर दार हवं." गवंड्यानं मान डोलावली. त्याच्या बापाचं काय जात होतं! त्यानं खड्ड्याला तळ केला नाही, विटांमध्ये फटी ठेवल्या आणि वर ऐटीत सांगितलं, "पाणी आपोआप मातीत मुरेल. हा खड्डा जन्मात भरायचा नाही." तो खरंच भरला नाही. येईल त्याला काकी ते कौतुकानं सांगायची.

संडास झाला, पांढऱ्या फरशीचा. सून येईपर्यंत तो बंद ठेवायचा, असं तिच्या मनातही आलं नाही. "वापरल्यानं झिजतो का तो?" म्हणाली. मग काय, रांगेतली पोरं, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या, दिवस गेलेल्या बाया, सगळी गल्ली तिकडेच. मीसुद्धा. फक्त सून तेवढी आली नाही. पहिल्या वर्षी नातवंडांच्या परीक्षा निघाल्या, दुसऱ्या वर्षी मुलाला रजा मिळाली नाही. काकी दर सुट्टीच्या आधी फरशी घासून लख्ख करायची आणि सुट्टी संपली की पुन्हा घासायची.

पुढच्या वर्षी गल्लीतली पोरं आजारी पडायला लागली. उलट्या, जुलाब, अंगात ताप. माझ्या भावाच्या मुलीला तर दवाखान्यात सलाईन लावून निजवलं होतं, डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. आधी आम्ही दूधवाल्याला धारेवर धरलं. मग पाववाल्याला. मग माश्यांना. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" तर आम्हाला हसू आलं. काकीच्या विहिरीचं पाणी आरशासारखं स्वच्छ. त्याला नाव ठेवायची कोणाची छाती होती?

आणि मग लाल्या आला. तो पाणी खात्यातला माणूस. विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून न्यायचं आणि तपासणीत नापास झालेल्या विहिरीवर लाल रंगाची फुली मारायची, हे त्याचं काम. म्हणून त्याला सगळे लाल्या म्हणायचे. तो दिसला की लोक दारं लावून घेत. काकीनं मात्र त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला. तो पेल्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आजी, आधी तपासणी होऊ दे." काकीला ते फार लागलं. "माझ्या विहिरीचं पाणी नको म्हणणारा हा पहिलाच मेला," असं ती मला दहा वेळा तरी म्हणाली असेल.

पाणी नापास झालं. लाल्या पुन्हा आला, अंगणात हिंडला आणि संडासापाशी थांबला.

"हा खड्डा शेवटचा कधी उपसला, आजी?"

"कधीच नाही!" काकी ऐटीत म्हणाली. "भरतच नाही तो. एवढी गल्ली वापरते, तरी भरत नाही."

लाल्यानं खड्ड्यापासून विहिरीपर्यंत पावलं मोजली. मग त्यानं पिशवीतून हिरव्या रंगाची पूड काढली, संडासात टाकली, वर बादल्यांनी पाणी ओतलं आणि म्हणाला, "आता रोज विहिरीचं पाणी पांढऱ्या भांड्यात घेऊन बघा. हिरवं आलं तर फुली मारीन. तोवर फक्त धुण्याला वापरा, प्यायचं नाही."

लोकांना ती गंमत वाटली. रोज सकाळी रांगेसमोर काकी पहिली बादली स्वतः ओढायची, पांढऱ्या पातेल्यात पाणी ओतायची आणि विजयानं सगळ्यांना दाखवायची. एक दिवस तिनं ओतलं आणि ती दाखवेना. मी मशीनवरून उठून गेले. पाणी हिरवं होतं. फार नाही, फिकटच, पण हिरवं. कोणीतरी "शी!" म्हणालं, एकीनं हंडा उचलला, दुसरीनं उचलला, आणि बघता बघता रांग मोडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रांग मोडली आणि काकीनं कोणाला हटकलं नाही.

विहिरीवर लाल फुली आली. पाण्याचा टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबू लागला आणि रांग तिकडे गेली. तिथं काकीचा उद्धार व्हायचा. "आम्हाला काय पाजलं म्हातारीनं!" अरे वा! घाण काय तिच्या एकटीची होती? एक जीव खाणार किती आणि करणार किती? गल्लीनं केलं आणि गल्लीच प्यायली, पण खापर फुटलं एका डोक्यावर. मी हे टँकरवर तोंडावर बोलून दाखवलं, त्यापायी माझी दोन गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

लाल्यानं काय करायचं ते सांगितलं होतं. खड्डा उपसायचा आणि कायमचा बुजवायचा. विहीर पूर्ण उपसून तिच्यात औषध टाकायचं. नवा संडास विहिरीपासून लांब, खालच्या अंगाला, पक्क्या तळाच्या बंद टाकीचा बांधायचा. जाताना म्हणाला, "जमिनीखाली पाणी थांबत नाही, आजी. खालच्या गल्लीची विहीर अजून चांगली आहे. उशीर झाला तर तिच्यावरही मलाच फुली मारावी लागेल."

दैव पण असं हलकट, त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला. तिकिटं काढली होती. सगळे येणार, सुट्टीभर राहणार. काकी रडत रडत माझ्याकडे आली, आणि ते रडणं कसलं आहे हे मला आधी कळेचना. नवी टाकी बांधायला पावसाळा उलटणार होता. खड्डा आता बुजवला तर सून येणार नव्हती.

मीच म्हटलं, "काकी, एवढी सुट्टी राहू दे तसाच. विहिरीवर फुली आहेच, पाणी कोणी पीत नाही. ते येऊन जाऊ देत, मग बुजव. कोणाला कळणार आहे?"

ती उठून गेली. दिवसभर कठड्यापाशी बसून होती. संध्याकाळी माझ्या घरी आली आणि मुलाला फोन लावून दे म्हणाली.

"अरे, संडास मोडतेय मी," ती म्हणाली. "हो, तोच. नवा व्हायला वेळ लागेल. टोकाचा सामायिक आहे, दाराला कडी मी लावून घेते..."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. काकी "बरं" म्हणाली. मग पुन्हा "बरं, पुढच्या सुट्टीत बघू" म्हणाली. पलीकडून फोन ठेवला तरी तिनं कानापासून काढला नाही. मी तो हळूच काढून घेतला.

"खालच्या गल्लीत लहान पोरं असतील ना गं?" तिनं विचारलं.

"असतील की."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि घरी गेली. मला तिचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच.

दुसऱ्याच दिवशी उपसणारी गाडी आली. खड्डा रिकामा झाला, गडी माती टाकू लागले, काकीही घमेलं घेऊन त्यांच्यात उभी. पुढे विहीर पंपानं उपसली, औषध टाकलं. पाणी पुन्हा नापास झालं, पुन्हा उपसलं. पावसाळा उलटल्यावर नवा संडास उतारावर झाला, लांब, बंद टाकीचा. खालच्या गल्लीची विहीर शाबूत राहिली. तिथल्या लोकांना त्यातलं काही माहीत नाही. ते काकीला "ती घाण विहीरवाली" म्हणतात.

अखेर पाणी पास झालं. लाल्या पांढरा रंग घेऊन आला, फुली पुसली आणि स्वतःहून पाणी मागितलं. काकीनं पेला भरून दिला. तो प्यायला आणि त्यानं आणखी एक मागितला. तहान नव्हती त्याला, मी सांगते ना. "उपसा चालू ठेवा, आजी," तो म्हणाला. "पडून राहिलं की पाणी बिघडतं."

पण उपसा करणार कोण? तोवर गल्लीत घरोघरी नळ आले होते. माझ्याकडेही आला. कोणी मुद्दाम पाठ फिरवली असं नाही, आता कोणाला यायची गरजच उरली नव्हती. सुनेचंही पुढच्या सुट्टीवर गेलं, मग त्याच्या पुढच्या.

काकी एकटीच उपसा करते. सकाळ-संध्याकाळ कप्पी करकरते, ती बादली ओढते, झाडांच्या मुळाशी ओतते आणि पुन्हा ओढते. काल संध्याकाळी मला ते ऐकवेना. मी खिडकीतून ओरडले, "अगं पुरे कर की! कंबर मोडेल तुझी. कोणासाठी काढतेस?"

"कोणी आलं तर ताजं नको का?" ती म्हणाली.

मी मशीन थांबवलं. माळ्यावरची जुनी कळशी काढली, धूळ पुसली आणि तिच्या अंगणात गेले. सरळ कठड्यापाशी जाऊन कळशी पुढे केली. काकीनं माझ्याकडे बघितलं, कळशीकडे बघितलं आणि तोंड फिरवून म्हणाली, "रांगेत ये."

अंगणात दुसरं कोणी नव्हतं. मी चार पावलं मागे सरले आणि उभी राहिले.