बांधावरचा पेला

“तिला काय इचारता, च्या दिला तरी थँक्यूपलीकडं तोंड उघडत नाय ती,” काकी बांधावर बसून शेजारणीला सांगत होती, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवत चहाचे पेले गोळा करत होते. आज नवीन पनवेलच्या आमच्या गॅलरीत ओल्या गोणपाटाचा वास आला आणि काकांच्या गव्हाण गावातला तो दिवस आठवला. खाडी आणि गाव यांच्यामध्ये तो मातीचा बांध एवढाच आडोसा होता. तो फुटला असता तर खारं पाणी सगळ्यात आधी काकांच्या घरात शिरलं असतं. सकाळपासून चिखलाच्या गोणी रचून माणसं इतकी दमली होती की कुणाला हात वर करवत नव्हता. गावाच्या बाजूला, खेकड्याच्या बिळातून, एक बारीक धार येत होती. “नितल येतंय तवर भिऊ नको,” काका सकाळी मला म्हणाले होते, “माती घेऊन आलं, मंग समज बांध आतून चाललाय.” भरती चढत होती, तरी सगळे घरी जायला उठले. मी त्या धारेखाली पेला विसळायला धरला, तर तो राखाडी पाण्याने भरला. काकी चपला शोधत होती. या माणसांना परत कामाला लावायचं माझ्या जिवावर आलं. आजही चारचौघांत बोलायची वेळ आली की तो जड पेला मला हातात जाणवतो. त्या दिवशी तो तसाच पुढे धरून मी मोठ्याने म्हणाले, “काका, थांबा. पाणी गढूळ येतंय.”