घोडीवरून उतरलेले पाटील

पुढे उंचेपुरे गृहस्थ पायी चाललेत आणि मागे खोगीर कसलेली रिकामी घोडी त्यांच्या चालीनं येतेय, असं नेकनूरच्या वाटेवर दिसलं की ओळखावं, आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, निघाले. निजामाच्या राज्यात पाटलानं पायी चालणं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगून समजायचं नाही. पाटील घोड्यावर असला तरच पाटील. तो पायी दिसला की लोक हळूच विचारायचे, जमीन गेली का डोकं गेलं? मामंजींची दोन्ही शाबूत होती. बिघडली होती ती छाती.

आमच्या घरात पुरुषांच्या छातीचा भरवसा नव्हता. मामंजींचे वडील ओट्यावर पान लावता लावता गेले. थोरले भाऊ पंगतीतून उठले ते आडवेच झाले. दोघांनीही पन्नाशी पाहिली नाही. मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्याच वर्षी मामंजींना घोडीवरून येताना छातीत कळ आली आणि गड्यांनी त्यांना धरून आणलं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तेव्हा हैदराबादला वकिलीचं शिक्षण नुकतंच सुरू केलं होतं. मामंजींचं काही बरंवाईट झालं असतं तर पाटीलकी सांभाळायला ह्यांना पुस्तकं गुंडाळून यावं लागलं असतं. भाऊबंद त्या दिवसाची वाटच पाहत होते. मामंजी खाटेवर पडल्या पडल्या एवढंच म्हणाले, “पोरगं वकील होऊन येईस्तोर मला ऱ्हायचं हाय.”

नेकनूरच्या हकीमसाहेबांना आणलं. त्यांनी बराच वेळ नाडी धरली आणि मग औषध सांगायचं सोडून भलताच प्रश्न विचारला.

“पाटीलसाब, घोडी महिनाभर ठाणावर बांधून ठेवली तर काय होतं?”

“काय होतं म्हंजे? पाय सुजतात. पोट धरतं. वाया जाती घोडी.”

“मग मालकाला काहून बांधून ठेवता? घोडी चालते, तुम्ही नुसते बसता. तूप तुम्ही खाता, मेहनत ती करते. दिल म्हणजे काय मोट आहे, फाटली की दुसरी शिवायला?”

मग त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. रोज पायी चालायचं. तूप आणि वरचं मीठ कमी. चिलीम बंद. रागाला आवर. मी दाराआडून ऐकत होते. पहिल्या तीन ठीक, पण चौथी ऐकून मला हसू आलं. आमच्या मामंजींना राग आवरायला सांगणं म्हणजे उन्हाळ्याला गार हो म्हणण्यासारखं होतं.

पण मामंजी हट्टी होते, आणि तो हट्ट या वेळी कामाला आला. दुसऱ्याच दिवशी चिलीम कोनाड्यात गेली ती गेलीच. चालण्याचं मात्र अवघड होतं. घोडी घरी ठेवून निघावं तर लोक म्हणणार, विकली. म्हणून त्यांनी चंद्रीवर रोजच्यासारखं खोगीर कसलं, लगाम हातात धरला आणि पायी निघाले. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, कपाळावर हात मारला. म्हणाल्या, “अवो, आसं नवरीवाणी मिरवत कुटं निगालाव तिला?”

गडबड झाली ती बाजाराच्या दिवशी. पाटील पायी असताना आपण बैलगाडीत बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मामंजी नेकनूरच्या वाटेला लागले तशी मागून येणारी पहिली गाडी थांबली आणि सगळे खाली उतरून मागे चालू लागले. मग दुसरी गाडी, मग तिसरी. कुणी म्हणे पाटलांनी नवस बोललाय, कुणी म्हणे घोडीच्या पायात काटा गेलाय. पुढे मामंजी, मागे चंद्री, मागे अख्खा गाव आणि सगळ्यात मागे रिकाम्या गाड्या, अशी वरात नेकनुरात शिरली.

नेमके त्या दिवशी पोलिसांचे अमीनसाहेब बाजारात होते. माणसं जमलेली दिसली की सरकारला बंडाचा वास यायचा, असे ते दिवस. त्यांनी मामंजींना बोलावलं. “पाटील, हा जुलूस कशाचा? इजाजत घेतली?”

“साहेब, जुलूस माझ्या छातीचा हाय,” मामंजी म्हणाले. “मी घोडीवर बसलो तर आत्ता मोडंल. पर मग मीबी मोडीन.”

हकीमसाहेबांना बोलावून खात्री झाली तेव्हा अमीनसाहेब पोट धरून हसले. गावाला मामंजींनी पुष्कळदा बजावलं, मी चालतोय म्हणून कुणी उतरायचं न्हाई. पण लोक ऐकतील तर शपथ. या सगळ्यात आमच्या गावचे बैल तेवढे गुबगुबीत झाले.

तुपाची गोष्ट याहून नाजूक. नवऱ्याच्या भाकरीवर तुपाची धार सोडणं हा आत्याबाईंचा मान होता. सवतीला दिला नसता, तो हकिमाला कसा देतील? पहिल्या दिवशी कोरडी भाकरी, जवसाची चटणी आणि अंबाडीची भाजी वाढताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “काय ह्ये, गड्याचं ताट वाढल्यावाणी,” त्या म्हणाल्या. मामंजींनी हात थांबवला आणि म्हणाले, “तूप ऱ्हाऊ दे. त्या जागी तू बस हितं.”

बायकोनं नवऱ्याच्या जेवणाला समोर बसावं, असं आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. आत्याबाई आधी दारात टेकल्या, काही दिवसांनी आत आल्या आणि पुढे पाटासमोर बसून रोज गावभरच्या गोष्टी सांगू लागल्या. मामंजी त्या ऐकत सावकाश जेवायचे. चार घास कमी जायचे, हसू जास्त यायचं. मी चुलीशी बसून हे बघायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, ह्यांनी परत आल्यावर मलाही असं समोर बसवावं. बसवलं हो, पण त्याची वाट फार पाहावी लागली.

रागाचं म्हणाल तर राग गेला नाही, त्याला त्यांनी कामाला लावलं. पारा चढला की ते खरारा घेऊन गोठ्यात शिरायचे आणि चंद्रीचं अंग घासत राहायचे. घोडी आज फार चकाकतेय असं दिसलं की गडीमाणसं एकमेकांना खुणावायची, आज जपून. एकदा चुलतभावानं शेताच्या बांधाचा दगड सरकवला. पूर्वी ते घोडीवर उडी मारून गेले असते आणि डोकी फुटली असती. त्या दिवशी त्यांनी चंद्रीला आरशासारखी केली, मग पायी शेतावर गेले आणि दगड परत जागेवर ठेवायला लावून चुलतभावासोबत ताक पिऊन आले. मला म्हणाले, “सूनबाई, पायी गेलं की राग अर्ध्या वाटंत दमतो.”

अधूनमधून छातीत बारीक कळ यायची. मग ते वाटेवरच्या लिंबाखाली बसायचे आणि चंद्री शेजारी उभी राहायची. घरी सांगायचे नाहीत, पण उशीर झाला की आम्हाला कळायचं. आत्याबाई देवापुढे बसायच्या आणि मी वाटेकडे डोळे लावायचे. चंद्रीच्या गळ्यातले घुंगरू ऐकू आले की जिवात जीव यायचा.

हे वकील होऊन परतले त्या दिवशी गाव वेशीवर जमलं. मामंजींनी चंद्रीचा लगाम ह्यांच्या हातात दिला. “बस. वकील पायी शिरला तर बरं दिसंल का?”

“तुम्ही चालताना मी कसा बसू?” हे म्हणाले.

“मग चल,” मामंजी म्हणाले. बाप-लेक शेजारी शेजारी चालत आले, मागून रिकामी चंद्री. दारात मी भाकरतुकडा ओवाळला. ज्या दिवसासाठी त्या माणसानं एवढी वाट तुडवली होती, तो दिवस त्यानं स्वतःच्या पायांनी घरी आणला होता.

त्यानंतरही ते पुष्कळ जगले. नातवंडं खांद्यावर खेळवली. वडील आणि भाऊ ज्या वयात गेले, ते वय कधीच मागे पडलं. एके दिवशी फिरून आले, जेवले, आत्याबाईंशी दोन शब्द बोलून कलंडले, ते उठलेच नाहीत. चेहऱ्यावर कळ नव्हती.

त्यांना उचललं तेव्हा म्हाताऱ्या चंद्रीनं गोठ्यात दावं तोडलं. खोगीर नाही, लगाम नाही, तशीच ती माणसांतून वाट काढत त्यांच्या मागोमाग निघाली. गडी तिला अडवायला धावला. आत्याबाई दारातून म्हणाल्या, “जाऊ दे रं तिला. त्यास्नी एकट्यानं चालायची सवय न्हाई.”

गड्यानं हात काढला आणि तोही मागे चालू लागला.