खालची पट्टी

चकवा, करणी, कौल... असलं काही मी कधी मानलं नाही. खोपोलीत माझी लाकडाची वखार आहे. समोरचा खोटं बोलतोय की नुसता भाव पाडतोय, एवढं मला तोंडाकडे बघून कळतं. म्हणूनच हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

वडिलांमागे पळसदरीचं घर, शेत सगळं दादाकडे राहिलं — आणि आईसुद्धा. मी रिकाम्या हातानं बाहेर पडलो, कडावला स्वतःचं घर बांधलं. त्यात एक खोली आईची. ती म्हणाली होती, "खिडकी पुरी झाली की येते रं."

म्हणून खिडकीला आतून बसवायच्या सागवानी पट्ट्या मी स्वतः कापायला घेतल्या. सुतारांशी माझं पटत नाही. माप टेपनं नाही, वडिलांच्या पद्धतीनं — बांबूची कामटी खिडकीत आडवी धरायची, घट्ट अडकेल इतपत तासायची, तेवढंच लाकूड कापायचं. आकडाच नाही, तर चूक कुठून होणार?

वरची बसली, बाजूच्या बसल्या. खालची अंगठाभर तोकडी! कामटी मात्र तिथं घट्ट बसत होती; पट्टी तिला लावली, तर दोन्ही सारख्या. दुसरी कापली... तीच गत. भर दुपारी, लख्ख उजेडात.

बायको दारातून म्हणाली, "गिऱ्हाइकाला देता तसंच माप घेतलंत वाटतं."

करवत फेकली. पट्टी राहिली तर राहिली, आई आजच येणार! कामटी, पट्टी गाडीत तशीच टाकून पळसदरी गाठली. आई तिथल्या खिडकीशी बसली होती.

"आवर, गाडी आणलीय."

"पुरी झाली का खिडकी?"

"खालची पट्टी तेवढी राहिलीय."

दादा हसला. "आमची बी खालचीच वाळवीनं खाल्ली. बसव की हितं, बाळ्या. तू मोठा लाकूडवाला."

बसणार नाही हे दाखवायलाच मी पट्टी आणून लावली. बसली! रंधासुद्धा मारावा लागला नाही. पट्टी काढून तिथंच कामटी धरली, तर ती आत जाईना — अंगठाभर लांब. दोन्ही शेजारी धरल्या... सारख्या. दादानं माझ्या हातातून ओढून स्वतः धरून पाहिल्या. त्याचं हसू गेलं.

त्यानं पट्टी परत बसवली. आईनं तिच्यावरून हात फिरवला. "तुज्या हातचं हितं बसलं. आता मला नको हलवू रं."

आईला आणायला गेलो होतो. दादाच्या घराला सागवान देऊन आलो.

कडावची ती खोली रिकामीच आहे. कामटी तिथंच ठेवलीय. खिडकीत धरली की आजही घट्ट बसते. कशी, ते मला सांगता येत नाही.