माळावरचं गाणं
पासपोर्ट शोधताना ड्रॉवरमध्ये मनगटाला बांधायचा कॉन्सर्टचा कागदी पट्टा सापडला आणि अबू धाबीतली ती संध्याकाळ आठवली. नवऱ्याला ऐन वेळी ड्यूटी लागली, म्हणून त्याच्या तिकिटावर सासूबाई आल्या. आजी कंटाळली की तिघींनी घरी परतायचं, असं ठरलं होतं, त्यामुळे मुलगी धास्तावली होती. "आजी, इट्स व्हेरी लाउड," तिने टॅक्सीत दोनदा बजावलं. सूर्य बुडाला, मैदान माणसांनी भरलं आणि पहिल्या गिटारबरोबर पायाखालची जमीन थरथरली. सासूबाईंनी पदर खोचला. मला वाटलं, निघाल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या माळावर असंच होतं." त्या बारा वर्षांच्या असताना लोणावळ्याजवळच्या त्यांच्या गावी लांब केसांची हजारो मुलंमुली गाण्यांसाठी जमली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचं खाणं संपलं, तेव्हा गावातल्या बायकांनी त्यांना पंगतीत बसवून पिठलं-भाकरी वाढली. "एवढे झिपरे, पण पंगतीत अगदी शहाण्यासारखे बसले," त्या हसल्या. "मी पाणी वाढत होते. ओळ संपेचना. गाणं नुसतं लांबून कानावर यायचं, माळावर जायला मिळालंच नाही." तासाभराने मुलीनेच पडल्या चेहऱ्याने विचारलं, "आजी, टायर्ड? शॅल वी गो?" सासूबाईंनी स्टेजवरून नजर हलवली नाही. "तुम्ही जा हवं तर. मी आज वाढायला आलेले नाही." आज सापडलेला पट्टा त्यांचाच आहे, पुण्याला परत जाईपर्यंत त्यांनी तो आंघोळीलाही काढला नव्हता, म्हणून त्यावरची अक्षरं पुसली गेली आहेत.